चंपतरावांच्या हातात मोटर का बंद पडायची

तुमच्या तोंडून निघालेल्या एका वाक्यानं कोणाची रोजी गेली, असं कधी झालं आहे का? इतक्या घाईनं नाही म्हणू नका. आठवून पाहा. ऑफिसात, मोहल्ल्यात, सोसायटीच्या सभेत. आपण बोलून मोकळे होतो, चहा पिऊन घरी येतो. ज्याच्याबद्दल बोललो तो माणूस मात्र त्या वाक्याखाली दबून राहतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

नानाजी बारापात्रे यांच्या हातून असं झालं. ते आमच्या तांडापेठेतले, म्हणजे शहरातल्या विणकरांच्या मोहल्ल्यातले, माझ्या घरापासून तिसऱ्या गल्लीत राहणारे. मी त्यांची वकिली करायला बसलेली नाही, आणि त्यांना फाडून खायलाही नाही. फाडून खायचं काम त्यांनी स्वतःच स्वतःवर पुष्कळ केलं आहे.

नानाजी मूळचे विणकर. घरात शिरलं की पहिल्याच खोलीत माग होता, जमिनीत पाय सोडून बसायचा खड्डा होता, मागच्या अंगणात सूत रंगवायचं सिमेंटचं टाकं होतं. धोटा इकडून तिकडं फेकत काठाची लुगडी विणायचे. मग सूत मिळेनासं झालं, पॉवरलूमच्या साड्या ढिगानं आल्या आणि मोहल्ल्यातले माग एकेक करून थंड पडले. सुतासाठी आम्ही मोर्चे काढले. माझी शाळा चौथीत सुटलेली. त्या मोर्चांचे फलक लिहिता लिहिता मी खरी लिहायला शिकले आणि साहेबलोकांशी भांडायलाही तिथंच शिकले. पण मोर्चानं माग काही पुन्हा चालले नाहीत. कोणी रिक्षा धरली, कोणी हिंगण्याच्या कारखान्यात लागलं. नानाजींनी माग सोडून ठेवला आणि हातात पाना घेतला.

कोणी शिकवलं नाही त्यांना. आधी शिलाई मशिनी, मग फवारणीचे पंप, मग विहिरीवरची इंजिनं. खोलायचं, मांडून ठेवायचं, पाहत बसायचं, पुन्हा जोडायचं. हात चांगला होता, हे मी छातीठोक सांगते. पण गोळीबार चौकातले जुने मिस्त्री त्यांना आपल्यात धरत नसत. नानाजी दुकानावरून गेले की कोणीतरी हटकून म्हणायचं, धोटा फेकणारा आला बे, त्याले एखादं चाक द्या खेळाले. नानाजी हसून पुढं जायचे. ते हसू घरापर्यंत टिकत नसे, असं त्यांच्या बायकोनं, गोदूबाईनं, मला सांगितलं होतं.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडं ती मोटर आली. आणली मीच.

पारशिवनीच्या वरच्या अंगाला धरणाचं पाणी पसरलं आहे, तिथं मासेमारांची एक सोसायटी होती. मासे विकणाऱ्या बायांच्या बसायच्या जागेवरून भांडण होतं, म्हणून माझं जाणं-येणं असायचं. सोसायटीनं कुठल्याशा लिलावातून एक जुनी परदेशी मोटर घेतली होती. नावेच्या शेपटीला बाहेरून टांगतात ती. इंजिन वर, पंखा खाली पाण्यात. दोरी गुंडाळून जोरानं ओढली की सुरू होते. पहाटे पार पलीकडच्या टोकाला जाळी उचलायची, नाव भरायची आणि काठावर बर्फाचा ट्रक उभा असेपर्यंत माल पोचवायचा, हे त्या मोटरचं काम. वल्ही मारत आलं तर ट्रक निघून जायचा, आणि उन्हात मासा किती वेळ टिकतो ते तुम्हाला माहीत आहे.

मोटर चालवायचे चंपतराव मांढरे. धरण व्हायच्या आधी नदीवर नाव चालवायचे, त्यांचं गावही त्याच पाण्याखाली गेलेलं. उंच, हाडकुळा माणूस, बोलणं कमी. मोटरशी मात्र म्हशीशी बोलावं तसं बोलायचे. चाल माय, हाव, थोडकंच राहिलं. ती मोटर मधेच बंद पडू लागली होती. शहरातल्या मिस्त्र्यांनी पार्ट मिळत नाहीत म्हणून हात वर केले, तेव्हा मी नानाजींचं नाव सांगितलं.

पोत्यात बांधलेली मोटर एसटीच्या टपावरून उतरवून आम्ही घरी आणली, तेव्हा गोदूबाई दारातच होती. म्हणाली, "काय वं शोभे, मुडदा आणला का कोणाचा?" नानाजींनी पोतं सोडलं आणि ते बराच वेळ मोटरवरून नुसता हात फिरवत राहिले. मोहल्ल्याबाहेरून, तालुक्यावरून, त्यांच्या नावानं आलेलं ते पहिलं मशीन. हे जमलं तर धोटा फेकणारा हे नाव सुटेल, असं त्यांच्या डोक्यात होतं. तोंडानं बोलले नाहीत, पण आमच्या मोहल्ल्यात अशी गोष्ट सांगावी लागत नाही.

खोट ठिणगीत होती, हे त्यांनी त्याच दिवशी ओळखलं. इंजिनातला प्लग काढायचा, वायर लावूनच त्याला इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा, दोरी ओढायची आणि प्लगच्या टोकाला ठिणगी पडते का ते पाहायचं. उजेडात ती नीट दिसत नाही. म्हणून नानाजी भर दुपारी मोटर घेऊन मागाच्या खड्ड्यात उतरले आणि वरून घोंगडी ओढून घेतली. आतून नुसता दोरीचा आवाज आणि शिव्या. बाहेर येऊन म्हणाले, ठिणगी पडते, पण पिवळी, मेलेली; निळी पाहिजे.

मग वरचं जड चाक काढलं. त्याच्याखाली दोन चिमुकली धातूची टोकं असतात, पॉइंट म्हणतात त्यांना. चाक फिरलं की ती उघडतात-मिटतात आणि त्या उघडमिटीतून प्लगला करंट जातो. ती काळी पडली होती. नानाजींनी बारीक पॉलिश पेपरनं ती घासली, दोघांमधली फट मागाच्या फणीची, म्हणजे धागे ओवायच्या कंगव्याची, जुनी काडी घालून बसवली. इथवर सगळं बरोबर. आणि शेवटी तेलाच्या वाटीत करंगळी बुडवून दोन्ही टोकांवरून एकदा अलगद फिरवली.

हे विणकराच्या हाताचं काम आहे. मागावर धागा तुटला की गाठ मारायची आणि लगेच तेलाचं बोट त्या गाठीवरून फिरवायचं. नाही फिरवलं तर गाठ फणीत अडकते आणि शेजारचे चार धागे तोडते. आमच्या घरी लेकराला चालता येण्याआधी हे दिसलेलं असतं. जिथं दोन टोकं भेटतात ती जागा कोरडी ठेवायची नाही. नानाजींचा बाप तसंच करायचा, आजा तसंच करायचा. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं कोणालाच कधी वाटलं नाही. मी समोर बसले होते. मलाही ते बोट दिसलं नाही, कारण ते रोजचं होतं.

मोटरचा पंखा पाण्यात बुडवूनच ती चालवून पाहायची असते. रंगाच्या टाक्यात पाणी भरलं, काठाला मोटर टांगली, दोरी ओढली. पहिल्या दमात सुरू. टाक्याच्या तळाशी बसलेला कित्येक वर्षांचा रंग उसळून वर आला आणि अंगणात वाळत घातलेली गोदूबाईची लुगडी निळी-जांभळी झाली. तिनं नवऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. नानाजी हसत होते. त्या दिवसाचं हसू मात्र घरातलंच होतं.

मोटर परत गेली. थोडे दिवस बरी चालली आणि पुन्हा भर पाण्यात बंद पडली.

परत आली. नानाजींनी प्लग बदलला. पुन्हा टाक्यात झकास चालली, पुन्हा तिकडं जाऊन मेली. मग वायर बदलली, कंडेन्सर बदलला, विजेच्या पंख्यांची तार गुंडाळून देणाऱ्याकडून कॉइल नवी भरून घेतली. एकेक वस्तू काढून ते खोट हुडकत होते, आणि दर खेपेला शेवटी पॉइंट घासून त्यावर तेलाचं बोट फिरवत होते. घरच्या टाक्यात थोडा वेळ चालवून पाहायचे, तेव्हा ती चालायचीच.

एकदा चंपतराव स्वतः मोटर घेऊन आले. ओसरीवर उकिडवे बसून म्हणाले, "नानाजी, सुरुवातीले चांगली चालते. थोडं काम केलं का जीव सोडते. आत काहीतरी जळून राहिलं गा. वास येते."

नानाजींचं डोकं त्या दिवशी आधीच तापलेलं होतं. चौकात कोणीतरी विचारलं होतं, तुमची नाव कुठवर पोचली म्हणून. ते म्हणाले, "वास मोहाचा येत असन."

चंपतराव घेणारे होते, ते काही लपून नव्हतं. रागावले नाहीत. म्हणाले, "मोहाचा वास मले ओळखू येते गा. हा तो नाही."

तो धागा तिथंच धरायला हवा होता. चालत्या मोटरजवळ रोज बसणारा माणूस जळका वास येतो म्हणून सांगत होता. नानाजींनी ऐकलं आणि सोडून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात नाव गच्च भरलेली असताना मोटर पाण्याच्या मधोमध बंद पडली. वारा सुटला होता. वल्ही मारूनही नाव वळेना. ती वाहत जाऊन बुडालेल्या झाडांच्या वठलेल्या खोडांत अडकली. माणसं वाचली. पण दिवस कलेपर्यंत सगळ्या घरांचा मासा उन्हात सडला, आणि बर्फाचा ट्रक केव्हाच निघून गेला होता.

सोसायटीची सभा बसली. अध्यक्ष मधुसूदन म्हणून होता. त्याचा साळा बऱ्याच दिवसांपासून मोटरवर डोळा ठेवून होता, हे सगळ्यांना माहीत होतं. मधुसूदननं नानाजींना मुद्दाम बोलावलं, खुर्ची दिली, मिस्त्रीसाहेब म्हणाला. मिस्त्रीसाहेब! नानाजींना आयुष्यात पहिल्यांदा कोणी चारचौघांत असं म्हटलं होतं. आणि मग विचारलं, की खोट कशात आहे ते तुम्हीच सांगा.

नानाजी उभे राहिले. त्यांच्यापुढं दोनच वाटा होत्या. मला खोट सापडली नाही, असं म्हणायचं. म्हणजे पुन्हा धोटा फेकणारा व्हायचं. नाहीतर जे बोलले ते. ते म्हणाले, "मशीन माझ्या घरी धडधड चालते. इथंच येऊन बंद पडते. म्हणजे खोट मशीनमधी नाही, हातात आहे. पेट्रोलमधी पाणी जाते का पोटात दारू, ते तुमी पाहा."

मी उठून विचारलं की पेट्रोल कोणी तपासलं आहे का. मागून आवाज आला, बाईला मशीनचं काय समजते. त्याला मी जे उत्तर दिलं ते इथं छापण्यासारखं नाही. पण सभा पुढं सरकली होती. चंपतराव भांडले नाहीत. मोटर सुरू करायची दोरी त्यांच्या खांद्यावर असायची, ती काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि चपला पायात घालून निघून गेले. काही दिवसांतच बायकोला घेऊन त्यांनी गाव सोडलं. कोणी म्हणालं चंद्रपूरकडं गेले, कोणी म्हणालं वैनगंगेकडं. म्हातारी आई, रुख्माबाई, तेवढी मागं राहिली. एकदा गाव बुडालं, आता दुसऱ्यांदा जागा सोडणार नाही म्हणाली.

त्यानंतर जुनी मोटर कोणी चालवलीच नाही. सोसायटीला नवी मिळाली, तिच्यावर साळा बसला, आणि जुनी शेडमध्ये जाळ्यांखाली पडून राहिली. चालवली असती तर ती साळ्याच्या हातातही बंद पडली असती आणि चार दिवसांत खरं बाहेर आलं असतं. नशीब म्हणा, काही म्हणा. नानाजींचं नाव मात्र त्या सभेनंतर वाढलं. हिंगण्याच्या एका कारखान्यात देखभालीचं काम मिळालं. जाण्या-येण्यासाठी त्यांनी भंगारातली एक स्कूटर आणून स्वतः उभी केली.

ती स्कूटर हिंगणा रोडवर बंद पडू लागली. घरून निघताना ठणठणीत, अर्ध्या वाटेत मेलेली. कंपनीची बस बाजूनं जायची आणि खिडकीतून सोबतचे हात हलवायचे. नानाजींनी प्लग बदलला, कॉइल बदलली. तोच सगळा पाढा. एकदा चिडून त्यांनी रस्त्याच्या कडेलाच पॉइंट उघडले. काजळी धरलेली. हाताशी काही नव्हतं म्हणून धोतराच्या सोग्यानं कोरडे पुसले आणि लाथ मारली. सुरू झाली, ती थेट कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली.

रविवारी घरी त्यांनी पॉइंट नीट घासले, फट बसवली आणि हात आपोआप तेलाच्या वाटीकडं गेला. गोदूबाई तिथंच तांदूळ निवडत होती. ती सांगते, बोट तेलात बुडालं, वर आलं आणि हवेतच थांबलं. एवढा वेळ थांबलं की मला वाटलं, ह्यायले लकवा मारला. मग त्यांनी ते बोट डोक्याच्या केसांना पुसलं.

नानाजी मोठे खात्री करणारे. त्यांनी तेल लावून स्कूटर चालवली. बंद पडेपर्यंत चालवली. कोरडं पुसून चालवली, पडली नाही. पुन्हा तेल, पुन्हा कोरडं. त्या टोकांमध्ये दर वेळी बारीक ठिणगी उडते, तिच्यानं तेल जळतं, जळून काजळी होते, आणि काजळीतून करंट जात नाही. तेल ओलं असेपर्यंत मशीन चालतं. अंगणातल्या टाक्यात मोटर तेवढाच वेळ चालायची.

पुढच्या रविवारी दुपारी ते माझ्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, "शोभा, चंपतचा हात बरोबर होता." आणि मग भिंतीला टेकून, "वास येते म्हणाला होता वं तो. जळून राहिलं म्हणाला होता."

दुसऱ्या दिवशी आम्ही पारशिवनीची एसटी धरली. मधुसूदननं चहा पाजला. नानाजींचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, झालं गेलं, आता ते उकरून कोणाचं भलं होणार आहे, नवी मोटर चांगली चालून राहिली. सभेत दोन शब्द बोलू द्या म्हटलं तर सभा अजून ठरली नाही म्हणाला. मी त्याला त्याच्या साळ्याबद्दल दोन शब्द ऐकवले. नानाजींनी मला थांबवलं. त्यांनी फक्त जुनी मोटर मागितली.

शेडमधून ती ओढून काठावर आणली. चाक काढलं. आत पॉइंटवर त्यांच्याच शेवटच्या बोटाची काजळी तशीच होती, दिव्याच्या काचेवर असते तशी. त्यांनी ती जमलेल्या माणसांना दाखवली. मग कोरड्या फडक्यानं पुसली, घासली, फट बसवली, चाक चढवलं, प्लग लोखंडाला टेकवला आणि घोंगडी मागितली. काठावरच्या माणसांना एकेक करून घोंगडीखाली वाकायला लावलं आणि स्वतः दोरी ओढत राहिले. निळी ठिणगी सगळ्यांनी पाहिली. दर माणसाला नानाजी तेच सांगत होते, की खोट माझ्या बोटात होती, चंपतच्या हातात नव्हती. दम लागला होता, दोरी ओढून तळहात सोलले होते. कोणी मान हलवली, कोणी खाली घातली. एक जण हळूच म्हणाला, आता सांगून राहिले.

रुख्माबाई बाजूला बसून होती. नानाजींनी तिलाही घोंगडीखाली बोलावलं. ती उठली नाही.

"मले ठिणगी पाहून काय करायचं गा," ती म्हणाली. "तुमच्या बोलण्यानं गेला तो. आता तुमच्या बोलण्यानंच आणा."

नानाजी तिच्या पुढं मातीत बसले.

तेव्हापासून ते शोधत आहेत. सुट्टी मिळाली की चंद्रपूर, बल्लारपूर, पवनी, वैनगंगेचे सगळे घाट. जिथं पाणी आणि नाव दिसेल तिथं जाऊन विचारायचं. पवनीला एक मांढरे सापडले, ते दुसरेच निघाले. त्यांनाही नानाजींनी सगळी हकीकत सांगितली, कारण तोवर ती तोंडावरच आली होती. घरी मशिनी दुरुस्त करणं त्यांनी सोडलं. लोक येतात, ते हात जोडतात. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, एकट्यानं गाडी धरता येत नाही. रुख्माबाई अजून आहे, काठावर बसते. परवा नानाजी म्हणाले, तू लिहितेस, छापून येते, लोक वाचतात. माझं हे लिही, माझं नाव झाकू नकोस. मी झाकलेलं नाही.

म्हणून आता तुम्हाला सांगते. चंपतराव मांढरे, उंच, हाडकुळे, साठीकडं झुकलेले, बायकोचं नाव देवकी. एखाद्या घाटावर, धरणाच्या कामावर, कोळशाच्या खाणीच्या वस्तीत ते तुम्हाला भेटतील. त्यांना सांगा की आई वाट पाहत आहे आणि तुमच्या हातात काही खोट नव्हती. हे तांडापेठेच्या नानाजी बारापात्रेंनी स्वतः सांगितलं आहे. मात्र बाजूला घेऊन, कानात सांगू नका. त्यांच्यावरचा आळ भरल्या सभेत आला होता, म्हणून तुम्हीही चार माणसं जमली असतील तिथं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा.